पायरी नव्हे, शील

"पायरी ओळखून वागावे" असे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. जातिव्यवस्थेतली सभ्यता ती हीच. महाराने वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचे, पाणवठ्याला शिवायचे नाही. हे मोडले की तो माजला! सभ्य कोण, हे जन्मावरून ठरत होते.

ही व्याख्या महाडला उलटली. आज नवी मुंबईला लागून असलेले पनवेल-उरण आणि महाड तेव्हा एकाच कुलाबा जिल्ह्यात होते. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत हजारो माणसे शिस्तीने चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. मग 'हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी अफवा उठली आणि परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना प्रतिहल्ल्यापासून रोखले. नंतर सवर्णांनी तळे शेण-गोमूत्राने 'शुद्ध' केले. यात असभ्य कोण?

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. न्यायालयाचा मनाई हुकूम असल्याने तळ्यावर जाणे तहकूब झाले, पण २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, जात ओळखू येईल असे लुगडे नेसू नका, तसले दागिने घालू नका, मुलींना शिकवा.

समाजशास्त्रात काही जण याला 'संस्कृतीकरण', म्हणजे वरच्या जातींचे अनुकरण म्हणतील. आम्हाला ते मान्य नाही. ज्याला वरच्या जातीसारखे व्हायचे असते, तो तिचा धर्मग्रंथ जाळत नाही. त्या स्त्रियांनी अंगावरची जातीची खूण पुसली. कायद्याची लढाईही सुटली नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा आपला हक्क मान्य केला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी पंचशील दिले. त्यातला नियम राजाला आणि रंकाला एकच. पायरी आणि शील यांतला फरक हाच.

म्हणून मित्रांनो, कोणी "नीट वागा" म्हटले की एकच प्रश्न विचारा, हा नियम तुम्हालाही लागू आहे का? नसेल, तर ती पायरी आहे, ती झुगारा. पण जयंतीच्या मिरवणुकीत दारू पिऊन नाचणाऱ्याला आणि बहिणींना धक्के मारणाऱ्याला आपणच थांबवले पाहिजे. तिथे "आम्हाला शिकवू नका" म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण शील आपण स्वतः स्वीकारले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!