कुंकवाचा दाखला

गेल्या मार्गशीर्षात आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी आजीला घेऊन दारात उभी राहिली. लग्नाला आठच दिवस झालेले, हातावरची मेंदी अजून ताजी. मी लग्नाला हजर होतो, म्हणून नोंदणीच्या अर्जावर साक्षीदाराची सही हवी होती. नवरा अमेरिकेत नोकरीला. विवाहाच्या सरकारी दाखल्यावाचून हिच्या व्हिसाचे काम अडलेले. आजीबाई फणकाऱ्याने म्हणाल्या, "मास्तर, चारशे माणसांसमोर सप्तपदी झाली, ती काय खोटी?"

आजीबाईंचा हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी घरांत १९१३ साली विचारला गेला होता.

तिथे स्थायिक झालेल्या हिंदी माणसाला पत्नी आणि अज्ञान मुले स्वदेशाहून आणण्याची मुभा होती. पण पत्नी म्हणायचे कोणाला? एका मुसलमान गृहस्थाच्या बायकोला प्रवेश नाकारला गेला आणि वाद केपच्या न्यायालयात गेला. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला: ज्या धर्मात अनेक बायका करण्यास मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने झालेले लग्न इथला कायदा मानीत नाही. हिंदूंनाही त्या काळी तशी बंदी नव्हती. तेव्हा निकाह गेला, तशी सप्तपदीही गेली! वर्षानुवर्षे नांदणारी लेकुरवाळी बाई कायद्याच्या लेखी कोणाचीच कोणी उरली नाही.

कस्तुरबांच्या संसाराला तेव्हा जवळजवळ तीस वर्षे झाली होती. सप्टेंबरात फिनिक्स आश्रमातल्या मंडळींबरोबर त्यांनी परवान्यावाचून ट्रान्सव्हालची हद्द ओलांडली. शिक्षा झाली तीन महिने सक्तमजुरीची. पत्नी म्हणून ज्यांना ओळखायला कायदा तयार नव्हता, त्यांना कैदी म्हणून त्याने चटकन ओळखले!

ट्रान्सव्हालच्या स्त्रिया न्यूकॅसलच्या कोळसा खाणींवर गेल्या. मजुरांच्या मानेवर तीन पौंडांच्या कराचे जोखड होतेच, संप पेटला. इकडे आपले गोपाळराव गोखले आदल्याच वर्षी तो देश पाहून आले होते. प्रकृती ढासळलेली असतानाही ते लढ्यासाठी निधी जमवीत होते. वल्लिअम्मा नावाची कोवळी तमिळ मुलगी तुरुंगातून ताप घेऊन सुटली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये वारली. त्याच वर्षी कायदा झाला. कर गेला आणि एका पतीची एक पत्नी कायदेशीर ठरली.

दाखला मिळाला म्हणजे सारे मिळाले असे मात्र नव्हे. अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेलेल्या बायकांना कितीही शिक्षण असले तरी नोकरीची परवानगी नव्हती. मे २०१५ पासून त्यांतल्या काहींना ती मिळू लागली. तोवर पतीची नोकरी हाच तिचा आधार, आणि ती सुटली की हिचाही मुक्काम हलायचा.

मी सही केली. आजीबाईंना म्हटले, "सप्तपदी खरीच हो, हा कागद परक्या दारासाठी." आणि पोरीला सांगितले, "या दाखल्याबरोबर तुझ्या पदवीचाही कागद जपून ने. तो तुझ्या एकटीच्या नावाचा आहे."