तंबोऱ्याच्या तारा

तंबोऱ्यावर चढवल्या जाणाऱ्या, बहुधा चार, पोलादी व पितळी तारा. तंबोऱ्याला पडदे नसतात आणि वाजवताना तार कुठेही दाबली जात नाही. त्यामुळे त्याचा नाद भोपळ्याचा गुण, घोडीची जवारी आणि तारांची निवड या तीन गोष्टींवर ठरतो. भोपळा एकदाच मिळतो, जवारी कारागीर काढतो. तार मात्र गायकाला स्वतः निवडावी लागते आणि आयुष्यभर बदलत राहावी लागते. चांगला तंबोरा चुकीच्या तारांनी मुका होतो आणि साधा तंबोरा योग्य तारांनी बोलू लागतो, इतका या निवडीचा प्रभाव आहे. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील, विशेषतः मिरजेच्या तंबोऱ्याचा विचार केला आहे.

रचना व क्रम : तारा भोपळ्याच्या तळाशी अडकवतात. तेथून त्या मण्यांतून आणि घोडीवरून दांडीच्या टोकाकडे जातात, तारगहनाच्या भोकांतून पार होतात आणि खुंट्यांना गुंडाळल्या जातात. वाजवण्याच्या क्रमाने पहिली तार मंद्र पंचमाची (रागानुसार मध्यमाची किंवा निषादाची), दुसरी व तिसरी मध्य षड्जाची, म्हणजे ‘जोडी’, आणि चौथी मंद्र षड्जाची, म्हणजे ‘खर्ज’. पाच किंवा सहा तारांचे तंबोरेही वापरात आहेत. पुरुषी तंबोऱ्यात घोडीपासून तारगहनापर्यंतची बोलती लांबी एक मीटरच्या आसपास असते. बायकी तंबोऱ्यात ती बरीच कमी असते.

पट्टी आणि जाडी : तार निवडताना पहिला प्रश्न गायकाच्या पट्टीचा. काळी एक या पट्टीत जोडीची कंपनसंख्या सुमारे १३८.६ हर्ट्‌झ, खर्जाची ६९.३ आणि मंद्र पंचमाची १०४ येते. काळी चार या पट्टीत जोडी २०७.७ वर आणि खर्ज १०३.८ वर जातो. म्हणजे काळी चारच्या गायिकेचा खर्ज आणि काळी एकच्या गायकाचा पंचम जवळपास एकाच स्वरावर असतात. तरीही दोन्ही तारा एकमेकींच्या जागी चालत नाहीत, कारण वाद्यांची लांबी वेगळी आणि शेजारच्या तारांचा ताणही वेगळा.

तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि दर सेंटिमीटरचे वजन या तीन गोष्टींनी ठरतो. तंबोऱ्यात चारही तारांची लांबी सारखी असते. चारही तारा बोटाला सारख्याच घट्ट लागाव्यात, म्हणजे ताण सारखा राहावा, ही अपेक्षा धरली तर उरलेला सगळा हिशेब वजनाचा, म्हणजे जाडीचा आणि धातूचा राहतो. खर्जाचा स्वर जोडीच्या निम्मा, म्हणून त्याचे वजन चौपट हवे. पितळ पोलादापेक्षा थोडे जड असल्याने जाडी सुमारे १.९ पट पुरते. पंचमासाठी पोलादी तार जोडीच्या सव्वा ते दीडपटीच्या दरम्यान, नेमके सांगायचे तर १.३३ पट जाड हवी. जोडी ०.३० मि.मी. घेतली तर पंचम ०.४० मि.मी. पोलाद आणि खर्ज ०.५६ ते ०.५८ मि.मी. पितळ असा संच जुळतो. जोडी ०.२५ घेतली तर पंचम ०.३३ आणि खर्ज ०.४८. सुमारे ९८ सेंमी. लांबीच्या पुरुषी तंबोऱ्यावर पहिल्या संचातील प्रत्येक तारेचा ताण चार किलोच्या आसपास आणि चारींचा मिळून सोळा किलोच्या घरात येतो.

हे आकडे सुरुवातीचे ठिकाण आहेत. पट्टी एका पूर्ण स्वराने वर नेली, उदाहरणार्थ काळी एकवरून काळी दोनवर, तर त्याच तारांवरचा ताण २६ टक्क्यांनी वाढतो. नाद अरुंद होतो आणि जवारी मिटल्यासारखी वाटते. तीच पट्टी खाली आणली तर तार सैल पडते, घोडीवर फडफडते आणि सूर स्थिर राहत नाही. म्हणून पट्टी बदललेल्या गायकाने खुंटी पिळण्याआधी तारांचा संच बदलणे श्रेयस्कर. तार वरचेवर तुटत असेल तर जाड तार घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो उपयोगाचा नाही. लांबी आणि स्वर तेच असतील तर तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाबरोबर ताणही त्याच प्रमाणात वाढतो आणि तुटण्याची शक्यता जिथल्या तिथे राहते. अशा वेळी धातू बदलावा, पट्टी उतरवावी किंवा कमी लांबीचा तंबोरा घ्यावा.

नंबर : दुकानात तार ‘नंबर’ने मागतात. येथे दोन मोजण्या एकत्र नांदतात. ब्रिटिश तारमापात नंबर वाढला की तार बारीक होते : २४ नंबर ०.५६ मि.मी., २८ नंबर ०.३८, ३० नंबर ०.३१, ३२ नंबर ०.२७. पियानो-तारेच्या मापात उलट असते : १ नंबर ०.२५ मि.मी., ३ नंबर ०.३०, ६ नंबर ०.४१. पोलादी तार एका मापाने आणि पितळी तार दुसऱ्या मापाने विकली जाण्याचे प्रसंग येतात. म्हणून जाडी मिलिमीटरमध्ये विचारून घ्यावी. शक्य असल्यास मायक्रोमीटरने मोजून घ्यावी.

धातू : जोडी पोलादी असते. पितळाची ताण सोसण्याची ताकद पोलादाच्या मानाने कमी. पुरुषी तंबोऱ्यात जोडीच्या स्वरापर्यंत पितळ ओढले तर ते तुटण्याच्या बेतात येते. पोलादी तारेत जर्मनीतील रोस्लाऊची पियानो-तार तंतुवादकांत नावाजलेली आहे. खर्ज पितळी असतो. पितळाचा नाद पोलादापेक्षा भरीव मानतात आणि चांगल्या जुळलेल्या खर्जातून जाणकारांना ‘स्वयंभू गांधार’ स्पष्ट ऐकू येतो. हा गांधार म्हणजे तारेचा पाचवा स्वरांश. पंचमाच्या तारेबद्दल एकमत नाही. पुरुषी तंबोऱ्यात ती पितळी किंवा ब्राँझची घ्यावी असे काही कारागीर म्हणतात, काही पोलादच पसंत करतात. बायकी तंबोऱ्यात पोलादाकडे कल अधिक.

पहिली तार : चार तारांत सर्वांत अवघड निवड हिची. जोडी आणि खर्ज कायम षड्जावर राहतात. पहिली तार रागाप्रमाणे हलते. मालकंसासाठी ती पंचमावरून मध्यमावर उतरवतात, मारवा किंवा पूरियासाठी निषादावर चढवतात. मध्यमावर तिचा ताण पंचमाच्या मानाने २१ टक्क्यांनी घटतो, शुद्ध निषादावर ५६ टक्क्यांनी वाढतो. पंचमाला उत्तम बोलणारी जाड तार निषादावर ओढली की कडक होते आणि घोडीवर दाब टाकते; निषादाला नेमकी असलेली बारीक तार मध्यमावर ढिली पडते. ज्या गायकाच्या मैफलीत निषादाचे राग नेहमी येतात त्याने पहिली तार एका नंबराने बारीक ठेवावी, हा व्यवहार्य मार्ग. दोन तंबोरे साथीला असतील तर एक पंचमात व दुसरा निषादात किंवा मध्यमात जुळवून प्रश्नच मिटवता येतो.

जवारी : घोडीचा माथा रुंद असून त्याला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर टेकत आणि सुटत राहते; त्यातून तंबोऱ्याचा झंकार येतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतात. दोरा पुढे-मागे करताना नाद आधी बंद, मग हळूहळू खुलत जाणारा आणि अखेर खरखरीत होतो. झंकार सर्वांत लांब टिकतो त्या जागी दोरा थांबवायचा. ही जागा केसाएवढ्या अंतराने हुकते. जवारी विशिष्ट जाडीच्या तारांसाठी काढलेली असते. जाड तार वेगळ्या रुंदीने हलते आणि जास्त दाबते, म्हणून नवीन जाडीचा संच चढवल्यावर जुनी जवारी चालेलच असे नाही. तार, पट्टी आणि जवारी या तिन्ही गोष्टी एकत्रच ठरवाव्या लागतात. एकेकट्या सोडवल्या तर पुन्हा बिघडतात.

संशोधन : चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या वृत्तांतात भारतीय तंतुवाद्यांवर निबंध प्रसिद्ध केला. तारेला ज्या बिंदूवर छेडले तेथे ज्या स्वरांशाचा निस्पंद असतो तो स्वरांश नादात येऊ नये, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम. वीणा आणि तंबोरा या वाद्यांत तो स्वरांश जोरकस ऐकू येतो, असे रामन यांनी दाखवले आणि त्याचे कारण वक्र घोडीत असल्याचे सांगितले. तंबोऱ्यातील दोऱ्याच्या सूक्ष्म सरकवण्याचीही त्यांनी दखल घेतली. कारागिराच्या बोटांनी शोधलेल्या गोष्टीला भौतिकशास्त्राने दिलेली ही पहिली ठळक मान्यता.

त्याआधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेची लांबी मोजून श्रुतींची स्थाने ठरवण्याचा प्रयत्न केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये निघाले. ई. क्लेमेंट्स यांनी १९१३ च्या ग्रंथात तोच धागा पुढे नेला. या कामात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांचे सहकार्य होते. बावीस श्रुतींच्या निश्चित स्थानांविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

मिरज : तंतुवाद्यनिर्मितीची येथील परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांच्यापासून सांगतात. शस्त्रांना धार लावणारे हे कारागीर संस्थानी आश्रयात सतार-तंबोऱ्याकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. दांडीसाठी तुणीचे लाकूड वापरतात. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. वाद्यदुरुस्तीत आणि जवारीत त्यांचा हात चालत असे, आणि तंबोरे जुळवण्याबाबतचा त्यांचा आग्रह किराणा घराण्याच्या स्वरप्रधान गायकीशी एकजीव होता. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

अन्य वाद्ये : वारकरी वीणेलाही चार तारा असतात. तुणतुण्याला एकच तार.

बेस गिटारशी तुलना उद्बोधक आहे. तिच्या चार तारा ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्‌झवर जुळवतात. काळी एकचा खर्ज तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या मध्ये बसतो. फेंडरने १९५१ मध्ये आणलेल्या बेस गिटारची बोलती लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंमी. होती आणि तीच प्रमाण ठरली. तंबोऱ्यापेक्षा कमी लांबीत इतका खाली स्वर हवा, म्हणून तार जड लागते : प्रचलित संचात सर्वांत जाड तार २.६७ मि.मी. भरते. इतकी जाड भरीव तार ताठ होऊन बेसूर वाजेल. म्हणून बारीक पोलादी गाभ्याभोवती दुसरी तार गुंडाळतात. गुंडाळी गोल तारेची असेल तर नाद उजळ, चपट्या पट्टीची असेल तर मऊ व बंद. खर्ज त्या मानाने वरच्या स्वरात आणि लांब दांडीवर असल्याने भरीव पितळावर भागते. चार तारांचा एकूण ताण मात्र बेस गिटारवर तंबोऱ्याच्या कितीतरी पट असतो, म्हणून तिच्या तारा तंबोऱ्यावर कधीही चढवू नयेत, तबली खचते.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा : तारांचा प्रश्न उद्भवत नाही.

चढवणे व निगा : तार वेटोळ्यातून सोडताना मुरड पडू देऊ नये, मुरडलेली जागा पुढे कितीही ताणली तरी बोलत नाही. एक टोक वळवून फास करावा आणि पीळ घट्ट, एकसारखे घालावेत. खुंटीवर वेढे एकावर एक चढू न देता शेजारी-शेजारी बसवावेत. नवी तार उतरत राहते. तिला बसायला वेळ द्यावा. आधी जोडी जुळवावी, मग खर्ज, शेवटी पहिली तार. खुंटीचे काम झाल्यावरच बारीक जुळणीसाठी मण्याला हात लावावा.

जोडीतील एक तार तुटली तर दुसरीही बदलावी, कारण जुन्या-नव्या तारांचे स्वरांश जुळत नाहीत आणि जोडी एक होत नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पोलाद लवकर गंजते, पितळ काळवंडते. बोट फिरवल्यावर खरखर लागली तर तार उतरवावी. दीर्घकाळ वापर नसेल तर तारा थोड्या सैल कराव्यात, पूर्ण सोडू नयेत.

प्रत्येक तंबोऱ्यासोबत त्याची बोलती लांबी, पट्टी, चारही तारांचे धातू आणि मिलिमीटरमधील जाडी लिहून ठेवावी. हे ज्ञान आजवर कारागिराच्या हातात आणि उस्तादाच्या कानात राहिले. एका पानाची ही नोंद प्रत्येक गवसणीच्या आत असेल तर वाद्य दुसऱ्या हाती गेले तरी त्याचा आवाज हरवणार नाही.