पोवळ्याची नाडीपरीक्षा

मे २०२४ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लक्षद्वीपच्या बेटांभोवतीच्या प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०२३ पासून त्या समुद्रात उष्णतेची लाट ठाण मांडून होती. त्याच्या महिनाभर आधी, १५ एप्रिल रोजी, जगभरातील प्रवाळांचे चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याची घोषणा झाली होती. या बातम्यांबरोबर आलेल्या छायाचित्रांत प्रवाळ पांढरेशुभ्र दिसत होते आणि बहुतेक मथळ्यांत त्यांना ‘मृत’ म्हटले होते. ते मृत नव्हते, निदान त्या क्षणी तरी नव्हते. पांढरा पडलेला प्रवाळ उपाशी असतो; तो आठवडे तग धरू शकतो आणि पाणी वेळेवर निवले तर सावरतोही. मात्र दुसऱ्या एका पांढरेपणात ऊतीच गळून गेलेली असते आणि उरतो तो चुन्याचा सांगाडा. हे दोन पांढरे रंग वेगळे ओळखायला माणसाला बराच काळ लागला. त्या शिकण्याचा मोठा भाग समुद्रात नव्हे, तर काचेच्या टाक्यांत घडला.

मुळात प्रवाळाला आजार होऊ शकतो, हे मान्य करण्याआधी तो सजीव आहे, आणि तोही प्राणी आहे, हे मान्य व्हावे लागले. आपल्याकडे पोवळे हे मंगळाचे रत्न. आयुर्वेदात प्रवाळभस्म आणि प्रवाळपिष्टी ही औषधे. पोवळे औषध म्हणून शतकानुशतके ठाऊक आहे. पोवळे हाच रुग्ण, ही कल्पना मात्र जेमतेम पन्नास वर्षांची आहे.

युरोपात १७०६ साली मार्सिली या इटालियन निसर्गअभ्यासकाने भूमध्य समुद्रातील लाल पोवळ्याच्या फांद्या समुद्राच्या पाण्यात ठेवल्या. त्यांवर आठ पाकळ्यांची पांढरी ‘फुले’ उमललेली त्याला दिसली आणि पोवळे ही वनस्पती असल्याचे सिद्ध झाले असे त्याला वाटले. पुढे मार्सेयचा वैद्य पेसोनेल याने तोच प्रयोग केला. त्याने फुलांना स्पर्श केला, तेव्हा ती आक्रसली. ही फुले नव्हेत, हे प्राणी आहेत, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. १७२७ साली रेओमूर यांनी त्याचे मत अकादमीपुढे मांडले खरे, पण त्याचे नाव सांगितले नाही. एका भल्या माणसाचे हसे होऊ नये म्हणून! पुढे त्रांब्ले यांनी गोड्या पाण्यातील हायड्रावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे १७४० च्या दशकात पेसोनेलचे म्हणणे मान्य झाले. प्रवाळाला पहिल्यांदा नीट पाहणारा माणूस पेशाने वैद्य होता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

प्रवाळ टाकीत दीर्घकाळ जिवंत ठेवणे ही मात्र निराळी कसोटी होती. ती पहिल्यांदा पार पाडली ॲना थिन या इंग्रज बाईंनी. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून त्यांनी काही लहान कपासारखे प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी मोजकेच होते. ते शिळे होऊ नये म्हणून त्यांची मोलकरीण ते उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत बसे. यामागचे भौतिकशास्त्र सरळ आहे. कोमट समुद्री पाण्यात प्राणवायू विरघळतो तो लिटरमागे जेमतेम सात मिलिग्रॅम. स्थिर पाण्यात तो वरून खाली पसरण्याचा वेग नगण्य. पाणी ओतले की त्याचा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो आणि हवेशी देवाणघेवाण होते. पुढे थिनबाईंनी त्यात समुद्री वनस्पतींची भर घातली. त्यांचे प्रवाळ जगले, वाढले, त्यांना पिल्लेही झाली. त्या मोलकरणीचे नाव मात्र या कथेत क्वचितच कुठे येते.

थिनबाईंचे प्रवाळ थंड पाण्यातले होते आणि त्यांना उजेडाची गरज नव्हती. उष्णकटिबंधातील भित्ती बांधणारे प्रवाळ टाकीत आणले की मरत, आणि ते का मरतात हे पुढची शंभर वर्षे नीटसे कळले नाही. उत्तराचा एक धागा ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील लो आयल्स बेटांवर सापडला. १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेने तेथे वर्षभर मुक्काम केला. प्रवाळाच्या ऊतीत राहणारी एकपेशीय शैवाले प्रतिकूल परिस्थितीत, विशेषतः पाणी तापले असता, बाहेर टाकली जातात, हे त्यांच्या प्रयोगांत दिसले. प्रवाळाचा रंग बहुतांशी या शैवालांचा, आणि त्याच्या अन्नाचा मोठा वाटाही त्यांच्याच प्रकाशसंश्लेषणातून येतो. शैवाल गेले की पारदर्शक ऊतीतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. विरंजन म्हणजे एवढेच. भाडेकरू घर सोडून गेले. घरमालक अजून आत आहे, पण चूल थंडावली आहे.

घरगुती टाकीत हे सहजीवन टिकवण्याची युक्ती पुढे दोन दिशांनी आली. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात जिवाणूंनी आणि सूक्ष्मजीवांनी भरलेले ‘जिवंत खडक’, हवेचे बुडबुडे आणि भरपूर उजेड एवढेच होते. जर्मन भाषक हौशी अभ्यासकांनी, त्यातही पीटर विल्केन्स यांनी, तिला यंत्रांची जोड दिली. एका उभ्या नळीत बारीक बुडबुडे सोडायचे. पाण्यातले सेंद्रिय रेणू बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फेसाबरोबर बाहेर पडतात. सांगाड्यासाठी लागणारे कॅल्शियम टाकीत थेंबथेंब घातले जाई ते चुन्याच्या निवळीतून. आपल्या घराघरांत ठाऊक असलेली ही निवळी बर्लिनच्या प्रवाळटाक्यांचा आधारस्तंभ ठरली, याची गंमत मराठी वाचकाला वाटल्यावाचून राहणार नाही.

प्रवाळ जगू लागले, आणि मग ते आजारी पडू लागले. त्याच सुमारास समुद्रातही आजार दिसू लागले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी आर्नफ्रीड अँटोनियस यांनी कॅरिबियन भागातील प्रवाळांवर सरकत जाणारा एक काळा पट्टा नोंदवला. पट्ट्याच्या पुढे निरोगी ऊती, मागे उघडा सांगाडा. तो दिवसाला काही मिलिमीटर सरकतो. हे काम एका जंतूचे नव्हे, हे नंतर कळले. नीलहरित जिवाणू, सल्फाइड तयार करणारे आणि सल्फाइड वापरणारे जिवाणू यांची ती एकत्र वसाहत असते. तिच्या तळाशी प्राणवायू संपतो, सल्फाइड साचते आणि ऊती मरते. फ्लोरिडात हॅरल्ड हडसन यांनी यावर एक रांगडा इलाज केला. पट्टा पंपाने शोषून काढायचा आणि जखम मातीसारख्या लगद्याने बुजवायची. त्यांचा हा इलाज थेट समुद्राखालचा होता.

निदानाची खरी अडचण येथे सुरू होते. प्रवाळाजवळ दुखणे सांगण्याचे मार्ग फार थोडे. पॉलिप मिटतो, श्लेष्मा सोडतो, फिका पडतो किंवा त्याची ऊती सुटते. कारणे मात्र डझनभर. टाकी राखणारा अनुभवी माणूस म्हणूनच आधी प्रवाळाकडे नव्हे, तर पाण्याकडे पाहतो. तापमान २५-२६ अंशांच्या आसपास आहे का, क्षारता हजारी ३५ च्या जवळ आहे का, कॅल्शियम लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या खाली गेले आहे का, आणि मुख्य म्हणजे यांतले काही गेल्या दोन दिवसांत अचानक बदलले आहे का. पाणी निर्दोष ठरले तर मग भिंग. ऊती बुडाकडून सुटते की टोकाकडून? कडेला तपकिरी, चिकट पदार्थ असेल तर त्यात बहुधा केसल आदिजीव ऊती खाताना आढळतात. तो भाग नळीने शोषून, निरोगी ऊतीची थोडी कड घेऊन कापून टाकतात, कारण टाकीतल्या प्रवाहाबरोबर तो शेजाऱ्यावर जातो. ॲक्रोपोरावर फिकट गोल ठिपके दिसले तर चपटे कृमी शोधतात. ते प्रवाळाच्याच रंगाचे असल्याने हौशी लोकांना ते कितीतरी आधीपासून छळत होते. त्यांचे शास्त्रीय नामकरण मात्र २०११ साली झाले. आयोडीनच्या द्रावणात काही मिनिटे बुडवून काढणे हा जुना घरगुती उपाय. ल्यूगोल या फ्रेंच वैद्याने १८२९ साली माणसांसाठी बनवलेले तेच हे द्रावण. ते वरवरचे जंतू मारते; पण कृमीची अंडी त्याला दाद देत नाहीत, म्हणून नवा प्रवाळ काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवण्याला पर्याय नाही.

चुकीचे निदान किती दूर नेऊ शकते, याचा धडा इस्रायलच्या किनाऱ्यावर मिळाला. १९९६ साली ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. ऑक्युलिना पॅटागोनिका या प्रवाळाचे विरंजन व्हिब्रिओ कुळातील एक जिवाणू घडवतो, असे त्यात प्रयोगानिशी दाखवले होते. विरंजन हा संसर्गजन्य रोग असेल तर त्यावर औषध सापडेल, अशी आशा निर्माण झाली. काही वर्षांनी तोच जिवाणू त्याच प्रवाळात संसर्ग घडवेनासा झाला. प्रवाळाने आपले उपयुक्त जिवाणू बदलून प्रतिकार मिळवला, असे मूळ संशोधकांनी सुचवले. २००८ साली दुसऱ्या एका गटाने, ज्यात मूळ शोधनिबंधाचा एक लेखकही होता, दाखवले की विरंजनाचे प्राथमिक कारण जिवाणू नव्हेतच. उष्णता आधी येते, जिवाणू मागून. एका प्रवाळापुरता हा वाद होता. पण १९९८ च्या एल निनोत लक्षद्वीपमध्ये सरासरी ८२ टक्के आणि मन्नारच्या आखातात ८९ टक्के प्रवाळ विरंजित झाल्याची नोंद रोहन आर्थर यांनी केली होती. तेथे कोणत्या जंतूचा शोध घेत बसायचे?

म्हणून जंतूंचा सिद्धान्तच खोटा असेही नाही. फ्लोरिडातील एल्कहॉर्न प्रवाळावरचे पांढरे व्रण सेरेशिया मार्सेसेन्स या जिवाणूमुळे होतात, हे २००२ साली दिसले. तो जिवाणू माणसाच्या सांडपाण्यातून आला, हे २०११ साली प्रवाळांना प्रयोगशाळेत संसर्ग घडवून सिद्ध झाले. प्राण्यांचे रोग माणसाला होतात हे जग जाणत होते. माणसाचा जंतू समुद्रतळावरच्या अपृष्ठवंशीयाला मारतो, हे नवे होते.

भारतात या प्रश्नाकडे लक्ष गेले ते बुरशीच्या वाटेने. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे चंद्रलता आणि शेषगिरी रघुकुमार यांनी अंदमानच्या दगडी प्रवाळांवरील मृत ठिगळांत गडद रंगाची बुरशी शोधली. त्यांचा शोधनिबंध १९९१ चा. पुढे त्याच संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या सागरी अभयारण्यातील टर्बिनेरिया प्रवाळांवर सांगाड्याच्या विकृत गाठी नोंदवल्या. रोगनोंदी अशा हळूहळू जमत आहेत. उपचारांचे प्रयोग मात्र विरळ. याला एक रास्त कारण आहे. २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंक्तीला. आपल्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा तोडून घरच्या टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे. मन्नारच्या आखातातून चुन्यासाठी होड्याच्या होड्या भरून प्रवाळ उपसले जात, तो काळ पाहता हा कायदा अकारण कठोर म्हणता येणार नाही.

फ्लोरिडात २०१४ साली आणखी एक रोग उद्भवला. वीसहून अधिक जातींची ऊती तो झपाट्याने नष्ट करतो आणि त्याचा नेमका कारक अद्याप हाती लागलेला नाही. तरीही उपचार सुरू आहेत. पाणबुडे व्रणाच्या कडेवर ॲमॉक्सिसिलिन मिसळलेले मलम लिंपतात. बहुतेक व्रण थांबतात. पण त्याच वसाहतीवर नवा व्रण उठू शकतो, आणि समुद्रात प्रतिजैविक सोडल्याने जिवाणूंत प्रतिकार वाढण्याची भीतीही आहे. म्हणून २०२३ साली दुसरा मार्ग पुढे आला. या रोगाला दाद न देणाऱ्या एका प्रवाळावरूनच वेगळा केलेला स्यूडोअल्टेरोमोनास जिवाणू आजारी प्रवाळांना देण्यात आला आणि रोगाची गती मंदावली. दरम्यान शेकडो निरोगी वसाहती समुद्रातून काढून जमिनीवरील टाक्यांत हलवल्या गेल्या. त्यांना जगवणारी सामग्री बरीचशी हौशी लोकांच्या हाताखाली घडलेली होती: फेस काढणारी नळी, मोजून दिलेला उजेड, थेंबथेंब कॅल्शियम.

प्रवाळ आपली शैवाले का टाकतो, याचा पेशीपातळीवरील शोध मात्र बऱ्याच प्रयोगशाळांत प्रवाळावर होतच नाही. तो होतो एप्टेशिया या लहानशा समुद्रफुलावर. प्रवाळासारखीच शैवाले ते पोटात बाळगते, तापवले की टाकते आणि परत दिली की स्वीकारते. तळव्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून नवे उगवते. २०१५ साली त्याचा जनुकसंचही वाचला गेला. घरगुती प्रवाळटाकीत हेच समुद्रफूल तण म्हणून कुप्रसिद्ध आहे. ते शेजारच्या प्रवाळांना डंख करते, आणि ते मारण्यासाठी टाकीचे मालक सुईने त्यात चुन्याचा दाट कालवलेला लगदा टोचतात.