अँबिसॉनिक्स : आवाजाची दिशा साठवायची कशी?

श्रोत्याच्या चहूबाजूंनी, वरून आणि खालून येणारा आवाज दिशेसकट साठवण्याच्या पद्धतीला अँबिसॉनिक्स म्हणतात. संगणकावर संगीत रचणारे ती वापरतात. ३६० अंशांच्या व्हिडिओंमध्येही ती असते. स्टिरिओत किंवा ५.१ मध्ये प्रत्येक चॅनेल एका ठरलेल्या स्पीकरसाठी असतो. इथे मात्र चॅनेल कोणत्याच स्पीकरचा नसतो. श्रोत्याच्या जागी कोणत्या दिशेने किती आवाज पोहोचतो, एवढीच नोंद त्यात असते. त्यामुळे आठ स्पीकरच्या स्टुडिओत केलेली रचना चार स्पीकरच्या सभागृहात वाजवता येते आणि हेडफोनवरही ऐकता येते. अशी नोंद करणे म्हणजे एन्कोडिंग. त्या नोंदीवरून समोरच्या प्रत्येक स्पीकरचा वाटा काढणे म्हणजे डीकोडिंग.

ही पद्धत १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये विकसित झाली. ऑक्सफर्डचे गणितज्ञ मायकेल गर्झन आणि रेडिंग विद्यापीठाचे पीटर फेलगेट ही त्यातली प्रमुख नावे. त्याच काळात बाजारात चार स्पीकरच्या क्वाड्रोफोनिक पद्धती आल्या होत्या. त्यांचा आपसात मेळ नव्हता आणि त्या लवकरच मागे पडल्या. अँबिसॉनिक्सलाही तेव्हा घराघरांत जागा मिळाली नाही. पण तिचे गणित पक्के होते, त्यामुळे संगणक-संगीताच्या स्टुडिओंत ती टिकून राहिली.

सर्वांत साध्या, म्हणजे पहिल्या ऑर्डरच्या अँबिसॉनिक्समध्ये चार चॅनेल असतात : डब्ल्यू, एक्स, वाय आणि झेड. त्यांना मिळून बी-फॉरमॅट म्हणतात. डब्ल्यू हा चहूकडचे सारखेच ऐकणारा माइक समजा. बाकीचे तीन दोन तोंडांचे माइक : एक्स पुढे-मागे, वाय डावी-उजवीकडे, झेड वर-खाली. दोन तोंडांपैकी एकाची बाजू अधिक, दुसऱ्याची उणे.

संगणकात खरा माइक लागत नाही, कोन पुरतो. अगदी समोर ० अंश धरून डावीकडे मोजत जायचे. मूळ आवाजाला कोनाच्या कोसाइनने गुणले की एक्स मिळतो, साइनने गुणले की वाय. डावीकडच्या, ९० अंशांवरच्या आवाजाचा एक्स ० आणि वाय १. पाठीमागच्याचा एक्स उणे १ आणि वाय ०. समोर आणि डावीकडच्या मधोमध, ४५ अंशांवर, दोन्ही ०.७०७. आवाज उंचावर असेल तर हे दोन्ही आकडे उंचीच्या कोनाच्या कोसाइनने पुन्हा गुणायचे, आणि झेडसाठी त्या कोनाचा साइन घ्यायचा. जुन्या प्रथेत डब्ल्यूला ०.७०७ ने गुणतात. एक आवाज असो की पन्नास, सगळ्यांची बेरीज याच चार चॅनेलांत होते. अंतर मात्र यात आपोआप येत नाही. आवाज लहान करून, घुमारा वाढवून ते रचनाकारालाच दाखवावे लागते.

आता डीकोडिंग. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत स्पीकर आहेत आणि आवाज नेमका एका स्पीकरच्या दिशेने यायचा आहे असे समजा. मूळ गणिती डीकोडिंगमध्ये त्या स्पीकरला ०.७५ वाटा मिळतो, शेजारच्या दोघांना प्रत्येकी ०.२५ आणि समोरासमोरच्याला उणे ०.२५. बेरीज १. हा उणे वाटा चुकून आलेला नाही. मध्यभागी बसलेल्या श्रोत्यासाठी तो ध्वनिलहर बरोबर जुळवतो, पण निम्न स्वरांपुरता; पहिल्या ऑर्डरमध्ये साधारण ७०० हर्ट्झच्या पुढे हे जुळणे डोक्याएवढ्या जागेतही टिकत नाही. आणि त्या चौथ्या स्पीकरशेजारी बसलेल्याला तर आवाज चक्क उलट्या बाजूने ऐकू येऊ शकतो. त्यावर उपाय म्हणून दुसरी रीत आहे. तीत वाटे ०.५, ०.२५, ०.२५ आणि शून्य असे पडतात. दिशा थोडी पसरट होते, पण कडेच्या खुर्चीवरचा माणूस फसत नाही. स्टुडिओत एकट्याने ऐकताना पहिली रीत चालते. भरलेल्या सभागृहात मी दुसरीच निवडेन.

दिशा अधिक रेखीव हवी असेल तर ऑर्डर वाढवावी लागते. दुसऱ्या ऑर्डरला ९ चॅनेल लागतात, तिसरीला १६, आणि निदान तेवढेच स्पीकर. सीसाउंड या संगीत-भाषेत एन्कोडिंग आणि डीकोडिंगसाठी वेगवेगळ्या तयार आज्ञा आहेत. रचना एकदाच एन्कोड करायची. डीकोडरला फक्त स्पीकरची मांडणी सांगायची : चौकोन, अष्टकोन की घन. म्हणूनच डीकोड केलेली फाइल तेवढी जपून मूळ बी-फॉरमॅट पुसून टाकणे, ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक. सभागृह बदलले की ती रचना तशीच्या तशी परत उभी करता येत नाही.

दुसरी चूक चॅनेलांच्या क्रमाची. जुन्या प्रथेत क्रम डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असा आहे. यूट्यूब वापरते त्या अँबिएक्स प्रथेत तो डब्ल्यू, वाय, झेड, एक्स असा असतो, आणि डब्ल्यूला ०.७०७ ने गुणलेलेही नसते. नवी फाइल जुन्या डीकोडरला दिली तर संगणक कोणतीही तक्रार करत नाही. आवाज येतो, पण डावीकडचा समोर जातो, वरचा डावीकडे येतो आणि समोरचा वर जातो. स्पीकर एकाच पातळीवर गोलाकार लावलेले असतील तर समोरच्या आवाजाला दिशाच उरत नाही, तो सगळीकडून सारखा ऐकू येतो. त्यामुळे फाइल दुसऱ्याला देताना प्रथेचे नाव लिहून द्यावे आणि सोबत तीन छोटे आवाज असलेली वेगळी फाइल द्यावी : एक समोरून, एक डावीकडून, एक वरून. घोटाळा असेल तर तो तालमीतच कळतो.