गाडी कमी फिरते म्हणून ऑइल बदलायचं टाळताय? इंजिनचं काम निघण्याआधी हे वाचा

दारातली चारचाकी आठवड्यातून दोन-तीनदाच बाहेर निघते. कधी तालुक्याच्या बाजाराला, कधी दवाखान्यात, लग्नसराईत पाहुण्यांकडे. वर्षभरात मीटरवर जेमतेम चार हजार किलोमीटर पडतात. मग ‘गाडी फिरलीच कुठं, ऑइल पुढच्या वर्षी बदलू’ असं ठरतं. पुढचं वर्षही तसंच जातं. या हिशेबाने १०,००० किलोमीटर व्हायला अडीच वर्षं लागतात आणि तेवढा काळ एकच ऑइल इंजिनात राहतं. नेमकं हेच इंजिनला महागात पडतं, कारण ऑइल किलोमीटरने जसं संपतं तसं दिवसांनीही संपतं.

ऑइल इंजिनात काय काम करतं?

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन त्या एका मिनिटात ३,००० वेळा वर आणि ३,००० वेळा खाली जातो. पिस्टन-रिंग आणि सिलिंडर, क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा केसापेक्षाही पातळ थर असतो. हा थर आहे तोपर्यंत लोखंड लोखंडाला घासत नाही.

घर्षण कमी करण्याशिवाय ऑइल आणखी कामं करतं. पिस्टनची उष्णता ओढून घेतं, काजळी आणि बारीक कचरा स्वतःत धरून ठेवतं, इंधन जळताना तयार होणारं आम्ल मारतं आणि आतल्या भागांना गंज लागू देत नाही. त्यासाठी ऑइलमध्ये वेगवेगळी रसायनं मिसळलेली असतात. ही रसायनं वापरात खर्च होत जातात. ती संपली की इंजिनात ऑइल भरपूर दिसत असूनही त्यात दम राहत नाही.

कमी फिरणाऱ्या गाडीचं ऑइल का बिघडतं?

१ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं, पण थोडं रिंगच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. गाडी सलग अर्धा-पाऊण तास चालली तर ऑइल चांगलं तापतं आणि हे पाणी उडून जातं. घरापासून फाट्यापर्यंत तीन-चार किलोमीटर जाऊन गाडी बंद केली, तर ऑइल तापतच नाही. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइलही तापलं असं नसतं; कूलंटच्या मानाने ऑइल तापायला जास्त वेळ घेतं.

असं रोज होत राहिलं की पाणी, न जळलेलं इंधन आणि काजळी मिळून चिखलासारखा गाळ बनतो. हा गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की वरच्या भागांपर्यंत ऑइल कमी पोचतं आणि बेअरिंग कोरडी चालू लागते.

दुसरं कारण धूळ. मुरमाचा रस्ता, ऊसतोडीच्या हंगामातली वाहतूक, खडी क्रशरजवळचा मार्ग यामुळे एअर फिल्टर लवकर भरतो. फिल्टर फाटला किंवा नीट बसला नसेल, तर बारीक धूळ इंजिनात जाऊन पॉलिश पेपरसारखी सिलिंडर घासते. म्हणून ऑइल बदलताना एअर फिल्टर उघडून बघायलाच हवा.

किती किलोमीटरला बदलावं?

आधी गाडीसोबत मिळालेलं पुस्तक बघा. त्यातला आकडा शेवटचा. साधारण अंदाज असा:

- पेट्रोल कार: बहुतेक कंपन्या १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष सांगतात. जे आधी येईल ते धरायचं.
- धूळ, घाट, जड ओझं, सतत छोटं अंतर: कंपन्यांच्या पुस्तकात अशा वापराला वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं. ते नसेल तर नेहमीच्या अंतराच्या निम्म्यावर बदलणं सुरक्षित.
- सीएनजी गाडी: यात काजळी कमी धरते, त्यामुळे ऑइल बराच काळ स्वच्छ दिसतं. पण आतली उष्णता जास्त असल्याने ते बिघडत असतंच. रंग बघून फसू नका.
- डिझेल गाडी: नवं ऑइल काही दिवसांतच काळं पडतं. म्हणजे ते काजळी धरतंय, एवढंच. डिझेलमध्ये किलोमीटर आणि तारीख बघायची.
- ट्रॅक्टर: इथे किलोमीटर नाही, तासांचं मीटर बघतात. बहुतेक मॉडेलला २५० तासांना ऑइल बदलतात. नव्या ट्रॅक्टरचं पहिलं ऑइल ५० तासांच्या आसपास.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा गरम इंजिनात ते किती जाड राहतं ते. जाड ऑइल म्हणजे जास्त ताकद, असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. नव्या इंजिनातल्या वाटा बारीक असतात. जिथे ०डब्ल्यू-२० सांगितलंय तिथे ट्रॅक्टरसाठी आणलेलं १५डब्ल्यू-४० ओतलं, तर सकाळी गाडी सुरू करताना ऑइल वर पोचायला उशीर होतो.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला कमी राख देणारं खास ऑइल लागतं. हा फिल्टर साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. ही सफाई अर्धवट राहिली तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि गेजवर पातळी वाढलेली दिसते. पातळी आपोआप वाढली तर खूश होऊ नका, लगेच मेकॅनिकला दाखवा.

घरच्या घरी गेज अशी बघा

१. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा.
२. गेजची काडी काढून स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा.
३. ऑइल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवं. खालच्या खुणेखाली असेल तर गाडी हलवू नका. वरच्या खुणेच्या वरही भरू नका.
४. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट गेलंय. गाडी सुरू न करता दाखवा.

पंधरा दिवसांतून एकदा आणि लांब निघण्याआधी हे बघायला पाच मिनिटं पुरतात. चालत्या गाडीत तेलाच्या झारीचं लाल चिन्ह पेटलं, तर ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ म्हणू नका. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ऑइलचं प्रेशर गेल्यावर काही मिनिटांतही इंजिन जाम होऊ शकतं.

वरून ओतणं म्हणजे बदलणं नव्हे

ऑइल कमी झालं म्हणून अर्धा लिटर वरून टाकलं, तरी खालचा गाळ आणि आम्ल तसंच राहतं. ऑइलसोबत फिल्टरही नवा लागतो. फिल्टर तुंबला की त्यातला एक व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनात फिरतं.

सुटं ऑइल घेऊ नका. सीलबंद डबा समोर उघडायला सांगा आणि पक्कं बिल घ्या. वॉरंटीतल्या गाडीचं काम निघालं, तर कंपनी आधी सर्व्हिसच्या नोंदी मागते. रिकामा डबा फाडून किंवा भोक पाडून टाका, म्हणजे त्यात नकली माल भरला जाणार नाही.

खर्चाचा हिशेब

छोट्या पेट्रोल कारला साधारण ३ ते ४ लिटर ऑइल लागतं. फिल्टरसह दोन-तीन हजारांत काम होतं. तेच चुकवलं आणि रिंग-पिस्टन, बेअरिंग, क्रँकपर्यंत काम गेलं, तर खर्च गाडीनुसार तीस-चाळीस हजारांपासून लाखाच्या वरही जातो. शिवाय गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये. निळा धूर निघणं, ऑइल वारंवार कमी होणं, सकाळी सुरू करताना खडखड आवाज येणं या खुणा दिसल्या, तर वाट बघू नका.

काळ्या तेलाचं काय करायचं?

काढलेलं ऑइल बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. दरवाजाला, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते लावायची जुनी सवय आहे. पण त्यात धातूचे कण आणि घातक रसायनं असतात, ती हाताला लागतात आणि पावसात जमिनीत उतरतात. वापरलेलं ऑइल सरकारी नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून, ते गोळा करणाऱ्या गॅरेजलाच द्या.

ऑइल बदललं की तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा, मोबाईलमध्ये पुढच्या वर्षीचं रिमाइंडर लावा. आणि तेही जमत नसेल, तर सोपा उपाय आहे. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायचा असतोच. पावसाळा संपलेला असतो, पुढे धुळीचा हंगाम असतो. त्याच आठवड्यात ऑइल बदलून घ्या, म्हणजे तारीख कधीच चुकणार नाही.