घरच्या राउटरवर स्टॅटिक रूट कसा सेट करायचा?

आमचं घर राहुरी तालुक्यात, वस्तीवर. आजूबाजूला ऊस, त्यामुळे बिबट्याची धास्ती कायमची. घरापासून साठेक मीटरवर गोठा आहे. तिथपर्यंत केबल नेऊन मी दुसरा राउटर लावला आणि त्याला कॅमेरे जोडले. अ‍ॅपवर चित्र दिसायचं, पण फायबर तुटली की अ‍ॅप बंद. मग रात्री कुत्री भुंकली की वडील बॅटरी घेऊन स्वतःच गोठ्याकडे निघायचे. कॅमेरा आणि मोबाइल दोन्ही आपल्याच आवारात असताना इंटरनेट कशाला लागावं? त्यासाठी स्टॅटिक रूट लागतो.

स्टॅटिक रूट म्हणजे काय?

आमच्या घरातलं नेटवर्क १९२.१६८.१.० आणि गोठ्यातलं १९२.१६८.२.०. घरच्या राउटरला दुसरं नेटवर्क माहीतच नसतं. मोबाइलवर कॅमेऱ्याचा पत्ता टाकला की तो ती मागणी इंटरनेटकडे ढकलतो. पण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव असल्यामुळे तिकडे ती कुठेच पोचत नाही. स्टॅटिक रूट म्हणजे राउटरला दिलेली कायमची सूचना: ‘या नेटवर्कचं काही आलं तर गोठ्यातल्या राउटरकडे दे.’

सेटिंग कशी करायची?

१. गोठ्यातल्या राउटरच्या वॅन पोर्टला कायमचा पत्ता द्या: १९२.१६८.१.२. घरचा राउटर हाच पत्ता दुसऱ्या कुणाला वाटणार नाही, हे डीएचसीपीच्या यादीत बघून घ्या.

२. त्याच राउटरवर नॅट बंद करा आणि फायरवॉलमध्ये घरच्या नेटवर्कला परवानगी द्या.

३. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये घरच्या राउटरचं पान उघडा (आमच्याकडे १९२.१६८.१.१). ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ किंवा ‘राउटिंग’मध्ये ‘स्टॅटिक रूट’ सापडेल.

४. तिथे हे भरा:
डेस्टिनेशन: १९२.१६८.२.०
सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०
गेटवे: १९२.१६८.१.२
इंटरफेस: लॅन

५. सेव्ह करा. आता फायबरची वायर काढून कॅमेऱ्याचा पत्ता उघडून बघा. चित्र दिसलं तर काम झालं.

(अंक टाइप करताना इंग्रजी कीबोर्डच वापरा.)

नेहमी होणाऱ्या चुका

गेटवेमध्ये १९२.१६८.२.१ टाकणं. माझा एक अख्खा रविवार यातच गेला. गेटवे घरच्या राउटरला पोचता येईल असाच हवा.

दोन्ही राउटरना सारखंच नेटवर्क ठेवणं. मग कोणता पत्ता कुठला, हे राउटरला कळणारच नाही.

नॅट बंद केल्यावर गोठ्यातलं इंटरनेट गेलं, तर घरचा राउटर दुसऱ्या नेटवर्कला इंटरनेट देत नाही असं समजा. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये स्टॅटिक रूटचा पर्यायही नसतो. अशा वेळी, किंवा वेगळं नेटवर्क नकोच असेल तर, दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. मग रूटची गरजच उरत नाही.

आता कुत्री भुंकली की वडील आधी मोबाइल उघडतात. बॅटरी उशाशीच राहते.