पैसा हातात कधी पडतो?

मागच्या बैठकीत आपल्या गटात एकच विषय निघाला, तालुक्याच्या दुकानदाराची पापडाची मोठी ऑर्डर घ्यायची का? भाव आठवडी बाजारापेक्षा बरा, पण पैसे तीन महिन्यांनी. काहीजणी हो म्हणाल्या, काहीजणी गप्प बसल्या. गप्प का, ते मला कळतं. मागे एका शिबिराला आपण जेवण दिलं, त्याचं बिल निघेपर्यंत पाच महिने मी किराणावाल्याला तोंड चुकवून फिरत होते. म्हणून आज मुंबईच्या गिरणगावातली हकीकत सांगते.

लालबाग-परळच्या कापड गिरण्यांत कोकणातले, साताऱ्याकडचे गडी कामाला जायचे. बायकापोरं गावी. एकेका खोलीत दहा-पंधराजण पाळीपाळीने झोपायचे. त्यांना जेवू कोण घालणार? चाळीतलीच एखादी बाई, बरेचदा गावची किंवा नात्यातली. ती खानावळवाली. पहाटेच्या पाळीचा डबा वेगळा, रात्रपाळीचा वेगळा.

आता तिचा हिशोब बघा. तांदूळ, डाळ, रॉकेल रोज लागणार. जेवणारा मात्र पगार झाल्यावर पैसे देणार, आणि गिरणीचा पगार महिना सरल्यावर. 1936 च्या वेतन कायद्याने एवढं बंधन घातलं, की हजाराच्या आत कामगार असतील तर सात दिवसांत आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहा दिवसांत पगार झाला पाहिजे. म्हणजे एक तारखेला वाढलेल्या ताटाचे पैसे पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. चाळीस दिवस! तेवढे दिवस गिरणीमालकाचा कामगार ही बाई आपल्या पदराने पोसत होती, असंच मी म्हणेन. कायदा कामगाराला होता, हिला नव्हता.

मग वाण्याची उधारी. एकदा त्याच्याकडे बाकी थकली, की दुसऱ्या दुकानात जायची सोय नाही. तो देईल तो तांदूळ आणि सांगेल तो भाव. गिऱ्हाईकही पारखून घ्यावं लागे. कायम कामगाराचा पगार ठरलेला. बदली कामगार रोज गिरणीच्या दारात उभा राहणार, काम मिळालं तर मजुरी. त्याला जेवायला ठेवायचं का, हा विचार तिला करावाच लागणार. पण गावचा माणूस दारात आला, तर नाही कसं म्हणायचं?

1974 च्या संपात पगार थांबले, जेवणं थांबली नाहीत. बायकांनी दागिने गहाण टाकले. कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव हे बघत होत्या. 1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 सालीच झालं होतं, पण तारण नसलेल्या बाईला तिथे कोण विचारतो? या बायका गट करून एकमेकींना जामीन राहिल्या आणि कर्ज मिळवलं. रोख पैसा हातात आल्यावर वाण्याचं दार सुटलं.

त्याच मुंबईत दुसरी वाट 1959 पासून चालली होती. गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच पुढे लिज्जत झाली. तिथे सकाळी पीठ घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे आणि लाटणावळ हातात घ्यायची. घरात रोज पैसा दिसणारं काम बाई सहसा सोडत नाही. पण रोज द्यायचे तर रोज आत यायला हवेत. म्हणजे उधारीवर माल सोडताना दहादा विचार आलाच.

एक कायद्याची गोष्ट आपल्या कामाची आहे. 2006 च्या सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या कायद्याने, नोंदणी केलेल्या उद्योगाचा माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे. तीन महिन्यांची बोली कागदावर झाली, तरी ती मुदत कायदा धरत नाही. उशीर केला तर व्याज लागतं. मात्र नोंदणी माल देण्याआधी हवी.

येत्या शुक्रवारी दुकानदार येणार आहे. निम्मे पैसे आधी देतो का, हे त्याला विचारू. नाही म्हणाला, तर उडदाची डाळ कोणाच्या पैशाने आणायची हे त्यालाच विचारू. शांताक्का, नोंदणीला लागतील म्हणून गटाचं पासबुक आणि तुमचं आधार कार्ड तेवढं घेऊन या.